प्रेमकथेचा पत्ता

सॅली रूनी यांच्या ‘नॉर्मल पीपल’ (२०१८) या कादंबरीत कॉनेल आणि मॅरिअ‍ॅन यांची एका उन्हाळ्यात ताटातूट होते, ती खोलीच्या भाड्यापायी. दोघं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकतात. कॉनेलचं काम कमी झालेलं असतं, सुट्टीभर भाडं भरणं त्याला झेपणार नसतं. मॅरिअ‍ॅन तिच्या घरच्यांच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये राहते आणि एरवीही तो बहुतेक रात्री तिथेच असतो. ‘सुट्टीत तुझ्याकडे राहू का?’ एवढं विचारलं की प्रश्न मिटला. पण तेवढंच त्याच्या तोंडून निघत नाही. गावी त्याची आई मॅरिअ‍ॅनच्या घरी साफसफाईला जायची, त्या पगारावर तो वाढला. आता त्याच घरच्या मुलीकडे निवारा मागायचा, तर आजवर दोघांनी कधी न काढलेला सगळा विषय मध्ये येऊन उभा राहतो. तो म्हणतो, मी गावी जातोय. आणि वर भलतंच विचारून बसतो, की आता तुला दुसरं कुणी बघायचं असेल ना. तिला वाटतं, याला सुटायचंय. ती हो म्हणते. पैशाची अडचण तिला आयुष्यात कधी आलेली नाही, त्यामुळे हा पैशाचा मामला असेल हे तिच्या डोक्यातसुद्धा येत नाही.

समकालीन प्रेमकादंबरीबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते जवळपास सगळं या प्रसंगात आहे. २००८च्या मंदीत होरपळलेलं आयर्लंड, डब्लिनमधली घरभाडी, लहान गावात कोण कुणाच्या घरी कामाला जातं याची सगळ्यांना असलेली माहिती, हा झाला परिसर. मानी, संकोची, मनातलं ओठावर न आणणारा मुलगा आणि आपल्यावर कुणी प्रेम करावं अशी आपली लायकीच नाही असं लहानपणापासून मानत आलेली मुलगी, या झाल्या व्यक्तिरेखा. ताटातूट ही प्रेमकथा. या तीन गोष्टी सुट्या करून दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाहीत. भाडं नसतं तर ताटातूट नसती. कॉनेल जरा बोलका असता तर भाडं असूनही ताटातूट झाली नसती.

पुढे दोघांनाही कॉलेजची मानाची शिष्यवृत्ती मिळते. फी माफ, राहायला खोली, जेवण फुकट. मॅरिअ‍ॅनला त्यात आपल्या बुद्धीची पावती दिसते. कॉनेलसाठी मात्र त्या क्षणी जगाचे दरवाजे उघडतात, तो पहिल्यांदाच युरोपात मनमुराद हिंडतो, चित्रं बघतो. शिष्यवृत्ती तीच, पण दोघांच्या हातात पडल्यावर तिचा अर्थ पार बदलतो. लेखिका त्यावर भाष्य करत बसत नाही. वाचणाऱ्याला मात्र या दोघांमधलं अंतर नेमकं किती आहे ते त्या एका तपशिलातून कळतं, आणि प्रेम त्या अंतराला पुरून उरेल का, ही धाकधूक लागते. प्रेमकथेतली उत्कंठा म्हणतात ती याहून वेगळी नसते.

या पुस्तकातले लेख प्रेमकादंबऱ्यांविषयी आहेत, आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. प्रेमाला किती जागा द्यायची आणि माणसांना, गावाला, काळाला किती? नव्याने लिहिणारे हा प्रश्न हमखास पानांच्या हिशेबात विचारतात. नायक-नायिकेची भेट कितव्या पानावर व्हावी, घरच्यांची ओळख कितव्या प्रकरणात उरकावी, दोघांना एकत्र ठेवणारे प्रसंग किती आणि बाकीचे किती. हिशेब मांडायला माझी हरकत नाही. पण तो मांडताना असं धरून चाललेलं असतं की प्रेम हा खरा माल आणि बाकी सगळी भर. या समजुतीतून लिहिलेली कादंबरी चाळीस-पन्नास पानांतच थकते. त्यातल्या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवण्याजोगं काही उरत नाही. मग लेखकाला अपघात घडवावा लागतो, कुणाला तरी गैरसमज पसरवायला पाठवावं लागतं, जुनी प्रेयसी दारात आणून उभी करावी लागते.

अडथळा कुठून आला, हे बघावं. माझ्या लेखी प्रेमकादंबरीचा तोल मोजण्याचं माप तेवढं एकच आहे. तो त्या दोघांच्या स्वभावातून आणि त्यांच्या जगण्याच्या जागेतून आला असेल, तर परिसराचं वर्णन पाच पानं चाललं तरी खटकत नाही. तो लेखकाच्या सोयीने बाहेरून आणलेला असेल, तर अर्ध्या पानाचं वर्णनही रेंगाळलेलं वाटतं.

हे म्हणणारी मी पहिली नव्हे. अमेरिकन अभ्यासक पामेला रेजिस यांनी प्रेमकादंबरीच्या इतिहासावरच्या २००३ सालच्या पुस्तकात या प्रकाराचे आठ अनिवार्य घटक सांगितले. त्यात नायक-नायिकेची भेट आहे, आकर्षण आहे, अडथळा आहे, प्रेमाची कबुली आहे, सगळं संपलं असं वाटण्याचा क्षणही आहे. पण आठांपैकी पहिलं स्थान त्यांनी समाजाच्या चित्रणाला दिलं. ही माणसं कोणत्या जगात राहतात, त्या जगात काय बिनसलेलं आहे, कुणाचं कुणाशी जमू शकत नाही, हे आधी कळलं पाहिजे, म्हणजे पुढचे सात घटक कामाला लागतात. त्याआधी, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकासाठी, जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतल्या एका लहान शहरातल्या, नेमाने प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून अभ्यास केला होता. आपण का वाचतो हे सांगताना त्या बायकांनी विश्रांती आणि विरंगुळा यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली: लांबच्या जागांची, जुन्या काळाची माहिती मिळते. या वाचकांना फक्त मिठ्या आणि चुंबनं हवी असतात, असं मानणाऱ्या प्रकाशकांनी ते वाक्य मनावर घ्यायला हवं होतं.

आता माणसांकडे वळते. प्रेमकादंबरीत व्यक्तिरेखा उभी करायची म्हणजे तिला एक व्यवसाय चिकटवायचा, असा सर्रास समज आहे. नायक आर्किटेक्ट असतो, पण त्याच्या साइटवर स्लॅब गळत नाही आणि बिल अडवून धरणारं गिऱ्हाईक त्याला भेटत नाही. नायिका डॉक्टर असते आणि तिची रात्रपाळी फक्त नायकाने कॉफी घेऊन यावं म्हणून लागते. व्यवसाय ही माणसाची सवय असते. तो त्याच्या बोलण्यात, बघण्यात, रागावण्यात मुरलेला असतो. हेलन हुआंग यांची ‘द किस क्वोशंट’ (२०१८) या बाबतीत फार शिकवून जाते. नायिका स्टेला अर्थशास्त्रातल्या गणिती विश्लेषणात मुरलेली, पैशाने सुस्थितीत, आणि स्वमग्न. स्पर्श, वास, आवाज यांनी ती हैराण होते. जवळीक कशी करायची हे शिकण्यासाठी ती चक्क पैसे देऊन मायकेलला नेमते. कथासूत्र ऐकताना उथळ वाटेल. पण मायकेल तिला घरी जेवायला नेतो तो प्रसंग वाचावा. मायकेलची आई व्हिएतनामी, कष्टाळू, पाहुण्याला पोटभर खाऊ घालण्यात धन्यता मानणारी. ती प्लॅस्टिकच्या डब्यात अन्न गरम करून वाढते. स्टेलाला त्या प्लॅस्टिकमधली रसायनं आठवतात आणि ती ते भर जेवणात बोलून दाखवते. तिच्या लेखी ती फक्त खरी गोष्ट सांगते आहे, तीही काळजीपोटी. टेबलाभोवती मात्र सगळ्यांचे चेहरे उतरतात.

या प्रसंगात नायक-नायिका एकमेकांना स्पर्शही करत नाहीत, तरी माझ्या मते त्या कादंबरीतला तो सर्वांत मोठा प्रेमप्रसंग आहे. इथे पहिल्यांदा कळतं की या दोघांना एकत्र राहायचं असेल तर कुणाला काय सोसावं लागेल. स्टेलाचा स्वभाव, परक्या देशात येऊन शिलाई-धुलाईच्या कामावर मुलं वाढवणाऱ्या घराचा स्वाभिमान आणि त्या दोन्हींमध्ये सापडलेला मायकेल, सगळं एका डब्यात आलं आहे. लेखिकेला स्वतःला मोठेपणी स्वमग्नतेचं निदान झालं, हेही इथे सांगितलं पाहिजे. जाणिवेची ती अचूकता कल्पनेने सहजी येत नाही.

परिसराची गोष्ट थोडी वेगळी. तिथे साचे फार लवकर तयार होतात. अमेरिकन प्रेमकथांमधला शहरातून छोट्या गावी जाण्याचा साचा तर जगभर पोचला आहे: नोकरीत बुडालेली बाई गावी जाते, तिथे सुतारकाम करणारा नाहीतर शेती सांभाळणारा भला माणूस भेटतो, ती शहराला रामराम ठोकते. एमिली हेन्री यांनी ‘बुक लव्हर्स’मध्ये (२०२२) नेमकी उलट बाजू धरली. त्यांची नोरा ही न्यूयॉर्कमधली साहित्य-एजंट, जिला सोडून पुरुष गावाकडच्या मुलींकडे निघून जातात अशी. बहिणीच्या आग्रहाखातर ती नॉर्थ कॅरोलायनातल्या लहानशा गावात महिनाभर राहायला येते आणि तिथे भेटतो कोण, तर न्यूयॉर्कमध्येच ओळख झालेला, तिच्यासारखाच कामसू संपादक. गाव तिला ‘सुधारत’ नाही. शहरावर प्रेम करणारी बाई कादंबरी संपताना शहरावर प्रेम करणारीच राहते, आणि तिच्या हट्टामागे आईविना धाकट्या बहिणीला सांभाळण्याची केवढी मोठी जबाबदारी होती ते आपल्याला हळूहळू उमगतं. साचा मोडण्यासाठी हेन्री यांना आधी तो मनापासून आवडावा लागला असणार, हे पानोपानी जाणवतं. तुच्छतेने कुठलाच साचा नीट मोडता येत नाही.

मराठीत प्रेमकादंबरीला परंपरा नाही असं म्हणणाऱ्यांनी गल्लीबोळातल्या जुन्या वाचनालयांची रजिस्टरं बघावीत. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) कथेच्या रचनेचा शिस्तीने विचार मांडला आणि आपल्या कादंबऱ्यांतून दोन पिढ्यांना प्रेमकथेची गोडी लावली. पुढे चंद्रकांत काकोडकर, शैलजा राजे, बाबा कदम यांची पुस्तकं हातोहात फिरली. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’तला (१९८२) पुण्याचा कॉलेजकट्टा तर अजून वाचला जातो. या लेखनाकडे समीक्षेने पाठ फिरवली याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यातलं काय जमलं आणि काय फसलं याची चर्चाच झाली नाही, आणि पुढच्या लेखकांना सगळं पहिल्यापासून शोधावं लागलं.

चर्चा झाली ती कोर्टात. काकोडकरांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९६९ साली न्यायालयाने लेखकाच्या बाजूने निकाल दिला. फक्त सुटे उतारे न तपासता पूर्ण कथा आणि तिच्या नायकाची जडणघडण समोर ठेवून न्यायमूर्तींनी विचार केला. शृंगार किती असावा, या आजही विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला मी याच वाटेने उत्तर देईन. ज्या प्रसंगानंतर त्या दोघांपैकी एकाला तरी स्वतःविषयी काही नवं कळतं, तो कितीही धीट असला तरी कादंबरीत हवा. ज्यानंतर काहीच बदलत नाही तो कितीही सोवळा असला तरी वगळावा.

परिसर आणि प्रेम एकजीव झालेली मराठी उदाहरणं हवी असतील तर मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) सगळ्यांना आठवेल. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसणारी चार पोरं, आणि वर्गातल्या शिरोडकर या मुलीला नुसतं बघण्यात गुंतलेला मुकुंद. पण मला इथे सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’विषयी (२००६) जास्त बोलायचं आहे. पुण्यातलं जोशी कुटुंब, वरची खोली भाड्याने दिलेली, त्या खोलीत राहायला आलेला कलावंत तरुण. त्याचं नावही आपल्याला कळत नाही. घरातला तनय त्याच्या प्रेमात पडतो, आणि तनयची बहीण अनुजाही. कादंबरीचा पहिला भाग तनय त्या निघून गेलेल्या माणसाला उद्देशून बोलतो, दुसरा भाग अनुजाच्या डायरीचा.

या घराकडे नीट बघा. तरुण मुलगी भाडेकरूच्या खोलीत गेली तर घराचे कान टवकारतील. मुलगा दिवसरात्र तिथे पडून राहिला तरी कुणी भुवई उंचावणार नाही, मित्र मिळाला म्हणून उलट बरंच वाटेल. तनयच्या प्रेमाला आडोसा दिला तो या घराच्या कल्पनाशक्तीच्या मर्यादेने. आणि तीच मर्यादा नंतर त्याच्यावर उलटते. अनुजा त्या तरुणाबरोबर पळून जाते, काही महिन्यांनी एकटी परत येते, तेव्हा सगळं घर तिच्या दुःखाभोवती गोळा होतं. चिडतं, लपवतं, औषधं देतं, सांभाळतं. तनयचंही सर्वस्व गेलेलं असतं, पण ते गेलं आहे हे त्या घरात कुणाला माहीतच नाही, त्यामुळे त्याचं सांत्वन करायला कुणी येऊ शकत नाही. एका मध्यमवर्गीय मराठी घराची रीत, त्यातल्या भिंती, जिने, जेवणाच्या वेळा यांवाचून ही प्रेमकथा घडलीच नसती. आणि ही प्रेमकथा नसती तर त्या घराविषयी इतकं खरं काही आपल्याला कळलंही नसतं.

तोल दुसऱ्या बाजूलाही जातो, हे मात्र कबूल केलं पाहिजे. सध्या इंग्रजीत आणि थोडंफार मराठीतही अशा कादंबऱ्या येतात, ज्यांत लेखकाने इतका अभ्यास केलेला असतो की प्रेम बिचारं कोपऱ्यात बसून राहतं. नायिकेच्या बालपणातल्या जखमा, तिचे समुपदेशनाचे तास, आजीच्या पाककृती, गावचा इतिहास. सत्तर-ऐंशी पानं होतात तरी ती दोघं एका खोलीत येत नाहीत. असं लिहिणाऱ्याच्या मनात कुठेतरी प्रेमाविषयी लाज असते, असं मला वाटतं. नुसती प्रेमकथा लिहिली तर लोक हलकं समजतील, म्हणून वजन वाढवायचं. वाचक प्रेमासाठी आलेला आहे. त्याचा तो हक्क मान्य करून मगच बाकीचं जग आत आणावं.

‘नॉर्मल पीपल’ही या दोषातून पूर्ण सुटलेली नाही. कॉनेलची आई जितकी जिवंत आहे तितकं मॅरिअ‍ॅनचं घर नाही. तिचा भाऊ तिच्याशी इतका दुष्ट का वागतो, आई ते का चालू देते, याचं कारण आपल्याला सापडत नाही. तिच्या दुःखाला मूळ हवं होतं म्हणून ते घर तसं रंगवलं, अशी शंका येते. शिवाय शेवट सुखाचा ठरत नाही. अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेची व्याख्या लावली, म्हणजे केंद्रस्थानी प्रेमकथा आणि शेवट समाधान देणारा, आशादायी, तर ही कादंबरी त्या कपाटात बसणार नाही. तरीही या लेखाची सुरुवात तिच्यापासून केली ती जाणूनबुजून. मला त्या व्याख्येतला सुखान्ताचा आग्रह पटतो, त्याची थट्टा करणाऱ्यांशी माझं जमत नाही. सगळं जग विरोधात असताना दोन माणसं टिकून राहिली, हे पटवून देणं शोकान्तिका लिहिण्याइतकंच अवघड आहे. फक्त तो सुखान्त कमावलेला हवा, आणि तो कमवायचा तर जग खरोखर विरोधात असावं लागतं.

आपल्याकडे असं जग जागोजागी पसरलं आहे आणि त्यातलं फारच थोडं प्रेमकादंबरीत आलं आहे. एकच जागा सांगते. पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. लाकडी फळ्यांनी अलग केलेली, नंबर टाकलेली टेबलं, महिन्याची फी, बोलायला बंदी. बीडहून, नांदेडहून, जळगावहून आलेली मुलं-मुली वर्षानुवर्षं शेजारी बसतात, मेसचा डबा खातात, कॉट बेसिसवर राहतात. कुणाचा कितवा अटेंप्ट, कोण प्रिलिमला पडलं, कटऑफ किती लागेल, कुणाची पोस्ट निघाली, यावर सगळ्यांचं जगणं टांगलेलं. मुलीच्या घरून फोन येतो, यंदा नाही झालं तर स्थळ बघतोय. मुलाच्या बापाने त्याच्या खर्चासाठी कर्ज काढलेलं. आता समजा त्यातल्या दोघांचं जमलं, आणि निकालाच्या यादीत तिचं नाव आहे, त्याचं नाही. ती अधिकारी होऊन प्रशिक्षणाला निघाली, तो त्याच टेबलावर पुढच्या जाहिरातीची वाट बघत बसलेला. जात वेगळी असेल तर तो पदर निराळाच. इथे खलनायकाची गरज नाही, अपघाताची तर मुळीच नाही. ती बोलत नाही कारण त्याला ती दया वाटेल, तो बोलत नाही कारण आजवर तिच्या नोट्स त्यानेच काढून दिल्या.

ही कादंबरी कुणीतरी लिहावी, आणि अभ्यासिकेच्या भाडेपावतीपासून तिच्या पहिल्या पगारापर्यंत प्रत्येक तपशील त्या दोघांच्या प्रेमाला कामी लावावा. पुढचे लेख वाचताना प्रत्येक कादंबरीत अडथळा कुठे जन्मला ते शोधत गेलात, तर या पुस्तकाचा क्रम आपोआप उलगडेल. पहिले तीन लेख घरांविषयी आहेत, मग कामाच्या जागा येतात. शरीर आणि आजारपण यांवरचा लेख सर्वांत लांब आहे, तो निवांतपणी वाचावा.